नकाशातला पिवळा रंग

“बाबा, इथं खरंच अजून गवत आहे का?”

लेक नकाशात नैसर्गिक प्रदेश रंगवत होती. पिवळी पेन्सिल उत्तर अमेरिकेच्या प्रेअरीवर, म्हणजे तिथल्या गवताळ मैदानावर थांबलेली. ‘हो’ म्हणणार होतो, पण जीभ अडखळली. तिथल्या उंच गवताचा ४ टक्केही भाग आता उरलेला नाही. बहुतेक ठिकाणी मका, सोयाबीन. युक्रेनच्या स्टेपवर, म्हणजे तिकडच्या गवताळ मैदानावर, गहू. (पुस्तकात रंग मात्र अजून गवताचाच!)

बर्फ आणि उजाड वाळवंटं सोडली, तर उरलेल्या जमिनीपैकी जवळपास निम्मी शेती-चराईखाली आहे. शहरं त्या मानानं टीचभर. पण २००७च्या सुमारास निम्मी माणसं शहरात राहू लागली, आणि त्यांच्या ताटासाठी कुठलंतरी दूरचं गवत नांगरलं गेलं.

तिनं पिवळ्यावर हिरव्या रेघा ओढल्यात. गुण कापतील का हो?