तुम्ही विचारलंत म्हणून: सिस्टर, आत्मा असतो का हो?

मी आयसीयूत नर्स आहे हे कळलं की हा प्रश्न येतोच, लग्नाच्या पंगतीत येतो, एसटीत शेजारी बसलेल्या बाईकडून येतो, की सिस्टर एवढी माणसं तुमच्यासमोर गेली, मग जाताना काही दिसतं का, आत्मा असतो का हो खरंच? मागच्या आठवड्यात आमच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं. त्यांचे यजमान जाऊन वर्ष होत आलंय. मी ड्युटीच्या घाईत "काय माहीत काकू" म्हणून लिफ्टमध्ये शिरले आणि तेव्हापासून ते मनाला लागून राहिलंय. म्हणून आज नीट लिहितेय.

पहिलं म्हणजे दिसत काही नाही. 22 वर्षांत मला नाही दिसलं. श्वास लांब लांब होत जातो, मधे थांबतो, परत येतो, घशात घरघर लागते, मग एक श्वास असा असतो की त्याच्यानंतर आपण वाट बघत राहतो आणि पुढचा येतच नाही. बास एवढंच. नातेवाईक कधीकधी म्हणतात खिडकी उघडा, पण आयसीयूच्या खिडक्या उघडत नाहीत, मग मी पडदा तरी बाजूला करते.

लोक विचारतात म्हणून मी वाचायला लागले, आणि कळलं की माणसांनी हे मोजायचा पण प्रयत्न केलाय. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधे डंकन मॅकडुगल नावाचे डॉक्टर होते, त्यांनी मरणाला टेकलेले 6 पेशंट खाटेसकट वजनकाट्यावर ठेवले, त्यातले बरेचसे टीबीचे, आणि 1907 साली ते छापून आणलं. पहिल्याचं वजन जाताना पाऊण औंस म्हणजे 21 ग्रॅम कमी झालं म्हणे. बाकीच्यांचे आकडे एकमेकांशी जुळेनात, दोन तर त्यांनी स्वतःच बाद धरले, पण लोकांच्या लक्षात तेवढे 21 ग्रॅम राहिले. मला नर्स म्हणून विचाराल तर माणूस नुसता पडून असला तरी श्वासातून आणि त्वचेतून दिवसाला साधारण 800 मिली पाणी जातं, म्हणजे तासाला 30 च्या वर, मग 21 ग्रॅमचं काय घेऊन बसायचं. मला त्यात वेगळंच टोचतं, की त्या माणसाच्या शेवटच्या तासांत कोणीतरी काट्याकडे बघत बसलं होतं.

देकार्त म्हणून 17व्या शतकातला फ्रेंच तत्त्वज्ञ, त्याने आत्म्याचं मुख्य ठिकाण मेंदूच्या मधोमध असलेल्या एका छोट्या ग्रंथीत सांगितलं, पिनियल ग्रंथी. बऱ्याच जणांच्या सीटी स्कॅनमधे तिथे पांढरा ठिपका दिसतो, वयाप्रमाणे कॅल्शियम साठतं म्हणून. हे वाचल्यापासून स्कॅनची फिल्म उजेडासमोर धरली की माझी नजर आधी तिकडेच जाते.

पण माझ्यासाठी हा प्रश्न पुस्तकातला राहिला नाही तो एका मावशींमुळे. त्यांचा लेक, बाईकचा ॲक्सिडेंट, डोक्याला मार. ब्रेन डेथ, म्हणजे हृदय चालू पण मेंदू कायमचा बंद, हे ठरवायची आपल्याकडे पद्धत आहे, 1994 च्या कायद्याने घालून दिलेली, चार डॉक्टरांचं पॅनल असतं आणि सगळ्या टेस्ट दोनदा, मधे कमीत कमी 6 तास. त्यातली एक ॲप्निया टेस्ट, व्हेंटिलेटर काढायचा, ऑक्सिजन नळीतून चालू ठेवायचा आणि सगळ्यांनी छातीकडे बघत उभं राहायचं, 8-10 मिनिटं, रक्तातला कार्बन डायऑक्साइड 60 च्या वर गेला तरी छाती हलते का. त्याची हलली नाही. पहिली टेस्ट झाली, डॉक्टरांनी मावशींना समजावून सांगितलं, आणि ते गेल्यावर त्या माझ्याकडे वळल्या.

"आवं सिस्टर, हात गरम हाय की त्याचा. आत्मा हाय का गेला?"

कठोपनिषदात नचिकेता यमाच्या दारात उभा राहून हेच विचारतो, माणूस गेला की काही जण म्हणतात तो आहे, काही म्हणतात नाही, तर खरं काय ते सांग. यम म्हणतो बाबा रे हे नको विचारूस, यात देवांना पण शंका होती, शंभर वर्षं जगणारी मुलं-नातवंडं माग, हत्ती-घोडे माग, सोनं माग. पोरगा ऐकत नाही. त्या रात्री मला वाटलं यमालाच जिथे टाळावंसं वाटलं तिथे मी काय सांगणार. मी त्यांच्यासाठी स्टूल आणलं फक्त.

नंतर मात्र मी या शब्दाचाच खूप विचार केला. आत्मा हा शब्द आपण रोज कुठे वापरतो सांगा? पोटभर जेवलो की आत्मा थंड झाला म्हणतो आणि व्हॉट्सॲपवर आत्म्यास शांती लाभो टाकतो. बाकी दिवसभर तोंडात असतो तो जीव. जीव लावला, जीव गुंतला, टांगणीला लागला, जीव ओवाळून टाकला, पोरात जीव अडकलाय तिचा. आणि बघा ना, या सगळ्यात आपला जीव आपल्यापाशी नसतोच, तो कुठेतरी दुसऱ्या माणसात, घरात, गुराढोरांत जाऊन बसलेला असतो. आपल्या आज्या-पणज्यांना हे पक्कं माहीत होतं असं मला वाटतं, म्हणून त्या आत्मा कुठे असतो असं विचारत नव्हत्या, जीव कशात अडकलाय ते विचारायच्या.

आमचे अण्णा गेले तेव्हा दहाव्याला घाटावर पिंडाला कावळा शिवेना. तासभर झाला, ऊन चढलं, सगळे झाडाकडे बघत उभे. काका म्हणाले वहिनीत जीव अडकलाय त्याचा. माझा भाऊ पिंडासमोर हात जोडून मोठ्याने बोलला की अण्णा, आईला गावी एकटी ठेवणार नाही. तरीही कावळा आला नाही, शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिवला. पण शब्द चार माणसांत दिला गेला होता. आई तेव्हापासून भावाकडे आहे, 9 वर्षं झाली. कावळ्याचं मी काही सांगू शकत नाही, पण त्या तासाभरात तिथे उभा असलेला प्रत्येक जण मेलेल्या माणसाला काय हवं होतं याचाच विचार करत होता, आणि असं एरवी आपण किती वेळा करतो?

हे मी माझ्या वॉर्डातल्या मैत्रिणीला सांगितलं. ती बौद्ध घरातली, 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला बाबासाहेबांनी दीक्षा दिली तेव्हा तिचे आजोबा तिथे होते. ती म्हणाली आमच्यात आत्मा मानत नाहीत, 22 प्रतिज्ञांतच आहे की श्राद्ध-पिंडदान करणार नाही. मग तिने मला नागसेन नावाचे बौद्ध भिक्खू आणि मिलिंद राजाची गोष्ट सांगितली, की चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, नाही ना, सगळं मिळून आपण रथ म्हणतो, तसंच माणसाचं. तिची आई गेली तेव्हा पुण्यानुमोदनाला, म्हणजे त्यांच्यातल्या गेलेल्या माणसाच्या आठवणीच्या विधीला, तिने मुलींच्या वसतिगृहाला पुस्तकं दिली, कारण आईला शिकता आलं नव्हतं. मला तर हे घाटावरच्या त्या शब्दापासून लांबचं नाही वाटलं. ती म्हणते लांबचं आहे, त्यात फार फरक आहे, आणि ती चुकीचं बोलत नाहीये, कारण त्या आत्म्याच्या नावावर कोण वरचा कोण खालचा, मागच्या जन्मी काय केलंस म्हणून या जन्मी हे, असं पण खूप सांगितलं गेलंय. ते मला मान्य नाही.

तर मावशींची ती रात्र. पहिल्या टेस्टनंतरचे 6 तास. दोन-दोन तासांनी पेशंटची कूस बदलायची असते, सक्शन म्हणजे नळीतला कफ ओढून काढायचा असतो, आणि माझी सवय आहे की पेशंट बेशुद्ध असला तरी हात लावायच्या आधी सांगायचं. मी म्हणाले, "दादा, कूस बदलतेय हं. जरा त्रास होईल." मावशी स्टुलावरून बघत होत्या.

"त्याला ऐकू जातंय व्हय?"

मी म्हणाले, मावशी, डॉक्टरांनी सांगितलं तेच खरं, मला वाटत नाही जात असेल. पण न सांगता मला त्याच्या अंगाला हात लावता येत नाही.

त्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने उठल्या, बेडच्या कठड्यावरून वाकल्या, नळीची पट्टी चिकटवलेल्या गालाला हात लावला आणि त्याला म्हणाल्या, "शेळी व्याली रं आपली. परवा राती. दोन पिल्लं झाली, एक काळं हाय, एक पांढऱ्या कानाचं."