हा नियम कोणत्या कायद्याखालचा?

मुलीच्या वतीने आम्ही केलेली याचिका बोर्डावर, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या यादीत, अठरावी होती. नववीतल्या मुलीने शाळेच्या पाण्याच्या टाकीतल्या शेवाळाचा फोटो व्हॉट्सॲप स्टेटसला ठेवला होता, खाली एकच ओळ: ‘आम्ही हेच पितो.’ चौथ्या दिवशी शाळेने आईच्या हातात दाखला ठेवला. शेऱ्याच्या रकान्यात ‘शिस्तभंग’.

अशा वेळी पालक फोटो खरा होता हे पटवायला धडपडतात. कोर्ट आधी तिकडे वळतच नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(१)(क) मधलं भाषण-अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य नागरिकांना आहे, त्याला वयाची अट नाही. ते रोखायचं तर १९(२) मध्ये दिलेल्यांपैकी कारण हवं आणि पाठीशी कायदा हवा. नुसतं परिपत्रक पुरत नाही. बिजो इमॅन्युएल प्रकरणात, १९८६ साली, हेच ठरलं. केरळमधली तीन भावंडं राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. म्हणून शाळेने त्यांना काढलं. न्या. चिन्नप्पा रेड्डी आणि न्या. दत्त यांना शिक्षण खात्याच्या परिपत्रकांमागे कायदा सापडला नाही. मुलं शाळेत परत घ्यायला लावली.

मुलीचे वकील म्हणून आमचा धोका दुसरीकडे होता. संस्था खासगी असली की रिट, म्हणजे मुख्यतः सरकारी यंत्रणेविरुद्धची याचिका, चालतं का, हाच पहिला आक्षेप येतो. म्हणून शिक्षणाधिकाऱ्यांना प्रतिवादी केलं, अनुदानाचे कागद जोडले. मुलगी कायद्याने अज्ञान, म्हणजे अठराच्या आतली, त्यामुळे याचिका आईमार्फत. शीर्षकात मुलीची फक्त आद्याक्षरं घातली. इथे पूर्ण नाव घालण्याची चूक फार होते, आणि मग ते नाव इंटरनेटवर त्या मुलाचा पिच्छा सोडत नाही. स्टेटस २४ तासांत पुसलं जातं. मावशीने वेळेत स्क्रीनशॉट काढला होता म्हणून बरं.

न्यायमूर्तींनी शाळेच्या वकिलांना विचारलं, “हा नियम कोणत्या कायद्याखालचा?” उत्तरादाखल शाळेच्या डायरीचं पान पुढे आलं. “मुलीचं म्हणणं ऐकलं होतं का?” साधी नोटीसही दिलेली नव्हती. वकील मागे वळून मुख्याध्यापकांशी दोन मिनिटं कुजबुजले आणि दाखला मागे घेतो म्हणाले. ते निवेदन नोंदवून याचिका निकाली निघाली.

मला कारणांसह निकाल हवा होता; अशा तडजोडीतून पुढच्या मुलाच्या हाती काही लागत नाही. पण सोमवारपासून तिची सहामाही होती. तेव्हा आदेशात एक ओळ मात्र मागून घेतली: जनरल रजिस्टरमधली, म्हणजे शाळेच्या विद्यार्थी-नोंदवहीतली, नाव कमी केल्याची नोंद रद्द करावी. ती ओळ सुटली, तर मूल वर्गात बसतं पण कागदोपत्री शाळेत नसतं, आणि दहावीचा फॉर्म भरताना पुन्हा सगळं अडतं.