प्रतुनामचा तीनचा भाव

बँकॉकच्या प्रतुनाम बाजारात एकच टॉप घेणाऱ्याला कुणी हाकलून देत नाही, पण त्याला भावही धड मिळत नाही. गाळ्याच्या दारात पुठ्ठ्यावर सरळ दोन आकडे लिहिलेले असतात: एक घेतलात तर 250 बाट, तीन घेतलेत तर 200. थाई लिपी आपल्याला काळी की गोरी माहीत नसली तरी आकडे कळतातच. मी बाटला तीनाने गुणून रुपये काढते. खरा दर तेव्हा त्याहून कमीच होता, पण जरा महाग धरलेलं बरं, हात आखडता राहतो.

तर तीन. पण तीन कुणाला? याचं उत्तर डोंबिवलीतूनच घेऊन निघावं. मी आणि माझी धाकटी नणंद, दोघींची मापं वेगळी. तरी अडत नाही, कारण डिझाइन एकच असेल तर बहुतेक गाळेवाल्या रंग आणि साइझ मिसळू देतात. काही जणी तर दुकानातले कुठलेही तीन नग चालतील म्हणतात. मग एक माझा, एक तिचा आणि तिसरा ‘होईल कुणाला तरी’. हा कुणाला तरीवाला सगळ्यांत महाग पडतो. संध्याकाळपर्यंत बॅगेत असे सहा-सात जमतात. म्हणून आम्ही यादीच नेली होती: जाऊबाई, मावशीची सून, ऑफिसातल्या दोघी (पैसे आगाऊ घेऊन, हे महत्त्वाचं). प्रत्येकीच्या नावापुढे छातीचं आणि कंबरेचं माप, इंचात.

मापाचं सांगायलाच हवं. तिथे फ्री साइझचा माल ढिगाने असतो. ती फ्री साइझ आपल्याकडच्या भरल्या अंगाच्या बायकांना विचारून केलेली नाही. छत्तिसाच्या आतबाहेर असाल तर खुशाल घ्या, पुढे असाल तर टेप लावल्याशिवाय पैसे काढू नका. ट्रायल बहुतेक गाळ्यांत नाहीच. घरची नीट बसणारी कुर्ती पलंगावर पसरून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजायची, दुप्पट करायची, तो आकडा फोनमध्ये ठेवायचा. गळ्यात टेप अडकवून फिरले तर नणंद म्हणाली, ‘‘वहिनी, लोकांना वाटेल तुम्ही इथे शिवायला आलाय.’’ वाटू दे. गाळेवालीकडेही टेप असते आणि मोजायला ती ना म्हणत नाही. उलट टेप दिसली की हे गिऱ्हाईक नुसतं हात लावत फिरणारं नाही, हे तिला कळतं.

बाजार म्हणजे खरं तर दोन-तीन बाजार एकमेकांना चिकटलेले आहेत. फेत्चबुरी रोडवरचा प्लॅटिनम फॅशन मॉल 2005 साली सुरू झाला. एसी, सरकते जिने आणि मजल्यामागून मजले नुसते छोटे गाळे. रस्ता ओलांडला की बायोक टॉवरच्या पायथ्याशी जुन्या गल्ल्या: उकाडा, ताडपत्र्या, हातगाड्यांवर चढवलेली काळी प्लास्टिकची पोती आणि मालाचे गठ्ठे बांधून देणारी कार्गोवाल्यांची ऑफिसं. आफ्रिकेतल्या, अरब देशांतल्या व्यापारी बायका इथे पन्नास-पन्नास नग उचलतात. आपली हिंदीही जागोजागी कानावर पडते. माझं मत विचाराल तर फॅशन बघायला प्लॅटिनम, पोरांचे टीशर्ट आणि घरात घालायच्या सैल पँट्स घ्यायला गल्ल्या.

घासाघीस कॅल्क्युलेटरवर चालते. गाळेवाली आकडा दाबून दाखवते, आपण आपला दाबायचा. पण दादरच्या हिंदमाताला आपण उठून चालू लागतो आणि मागून ‘‘ओ ताई, या, या’’ ऐकू येतं, ते नाटक इथे चालत नाही. नणंदेने करून बघितलं. बाईने गोड हसून हात जोडले आणि हिला जाऊ दिलं. भाव पाडायचा तो नग वाढवून: तीनच्या जागी सहा म्हणा, मग दहा-वीस बाट सुटतात. एकेका नगावर तोंड वाजवण्यात अर्थ नाही. आणि गाळा आवडला तर त्याच्या नंबराचा फोटो काढा. ‘एक चक्कर मारून येतो’ म्हणून निघालात की तो गाळा पुन्हा सापडत नाही.

आता कापड. माझी आई शिवणकाम करायची, त्यामुळे कपडा हातात आला की मी आधी तो उलटा करते. बाजूच्या शिवणीत ओव्हरलॉकच्या (कड उसवू नये म्हणून घातलेल्या टाक्यांच्या) आत किती कापड सोडलंय ते बघायचं. चांगलं अर्धा इंच असेल तर टॉप पुढे सैल करता येतो. धाग्याला खेटून कापलेलं असेल तर दोन्ही अंगठ्यांनी शिवण जरा ताणायची, टाके दात विचकतात की नाही ते लगेच दिसतं. काजांना लोंबते धागे, बाजूला न जुळणाऱ्या चौकड्या, अडकणारी चेन हे सगळं दोन मिनिटांचं काम. एका गाळ्यात 180 बाटला लिननचे म्हणून शर्ट टांगले होते. बाही मुठीत गच्च धरून सोडली, तर एक सुरकुती नाही. लिनन असं वागत नाही, ते नुसतं बघितलं तरी चुरगळतं. निव्वळ पॉलिएस्टर, आपल्या मे महिन्यात अंगावर ठेववणार नाही. रेयॉन मात्र मी भरपूर घेतलं. ते धुतल्यावर थोडं आटतं, तेव्हा एक माप मोठं घ्यायचं.

दुपारी चिकन-भात. थाटमाट काही नाही, साध्या स्टुलावर: उकडलेलं चिकन, त्याच्याच पाण्यात शिजलेला भात, आल्या-मिरचीची चटणी. येताना-जाताना सेन सेप कालव्यातली होडी. प्रतुनामला होडी बदलावी लागते. हा कालवा तिथला राजा तिसरा राम याच्या काळात, 1837 मध्ये खणायला घेतला. पाण्याला वास येतो आणि समोरून दुसरी होडी आली की काठाला बसलेल्यांनी दोरी ओढून ताडपत्री वर करायची. रेयॉनच्या पिशव्या पोटाशी धरून हे काम एका हाताने करावं लागतं. तिकीटवाली तेवढ्यात होडीच्या बाहेरच्या कडेवरून चालत येते आणि सुट्टे मागते.

परतल्यावर वाटप झालं. ऑफिसातल्या एकीला निळा हवा होता, दुसरीलाही निळाच. निळा एकच मिळाला होता. तो मी ठेवला.