खिंडीला दार म्हणणारे ग्रीक

ग्रीक भाषेत 'पिली' म्हणजे दार, फाटक. त्याचं अनेकवचन 'पिलाय'. वेशीच्या दाराला दोन फळ्या, म्हणून वेशीसाठी बहुधा अनेकवचनच वापरत, आणि डोंगरातल्या खिंडीलाही तोच शब्द. त्यामुळे नावात 'पिलाय' आलं की तिथे दार बसवलेलं होतंच असं धरू नये.

ग्रीसमधली डोंगर आणि समुद्र यांच्यामधली थर्मोपिली खिंड, म्हणजे 'गरम दारं'. गंधकाच्या उष्ण झऱ्यांवरून पडलेलं नाव. प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो की आसपासचे लोक नुसतं 'पिलाय' म्हणत. इथे मात्र शब्दाचे दोन्ही अर्थ खरे ठरतात: उत्तरेकडच्या थेसालियन लोकांना अडवायला दक्षिणेकडच्या फोकिस प्रदेशातल्या लोकांनी खिंडीत भिंत घातली होती आणि एके काळी तिला दारंही होती. हेरोडोटसच्या हिशेबानं खिंड अर्धा प्लेथ्रोन, म्हणजे साधारण १५ मीटर रुंद. तिच्या अलीकडे-पलीकडे तर जेमतेम एक गाडी जाईल एवढीच वाट. आज तिथे उभं राहिलं तर हे पटत नाही, कारण स्पेर्खिओस नदीच्या गाळानं समुद्र कित्येक किलोमीटर मागे ढकलला आहे. जवळच्या अँथेले गावी भरणाऱ्या अँफिक्टिओनी या ग्रीक जमातींच्या धार्मिक संघाच्या बैठकीलाही 'पिलाया' म्हणत आणि प्रतिनिधींना 'पिलागोराय'. एका खिंडीनं सभेचं नाव पुरवलं, हे मला फार सुंदर वाटतं.

घोटाळा होतो तो 'किलिकियाची दारं' वाचताना. किलिकिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानाचा दक्षिण किनाऱ्याकडचा भाग. टॉरस पर्वतातली, आजची ग्युलेक खिंड, त्याच नावानं ओळखली जाते. पण इराणी राजपुत्र धाकट्या सायरसच्या इ.स.पू. ४०१ च्या मोहिमेच्या वर्णनात, तिच्यात सामील असलेला ग्रीक लेखक झेनोफोन ज्यांना किलिकिया आणि सीरियाची दारं म्हणतो, ती समुद्रकाठी आहेत: दोन भिंती, मधलं अंतर तीन स्टेडिया (सुमारे ५५० मीटर), आणि मधून वाहणारी कार्सोस नदी. टॉरस उतरतानाच्या वाटेला तो 'इस्बोली', म्हणजे आत शिरण्याची जागा, म्हणतो. तेव्हा आधी सैन्य कुठल्या बाजूनं येतंय ते पाहावं, मग नकाशावर बोट ठेवावं.

'कास्पियन दारं' तर जागाच बदलतात. इ.स.पू. ३३० मध्ये इराणी सम्राट तिसऱ्या दारयवहूचा पाठलाग करताना अलेक्झांडरनं ओलांडली ती खिंड इराणात, आजच्या तेहरानजवळच्या रे या जुन्या शहराच्या पूर्वेला. पुढे कॉकेशसमधल्या खिंडींनाही लोक तेच नाव देऊ लागले. रोमन लेखक प्लिनीनं ही चूक पहिल्या शतकातच नोंदवली आहे.

आजच्या ग्रीसमध्ये खिंडीजवळच्या गावांना 'देर्वेनी' नाव आढळतं. ते तुर्कीतून आलेलं फारसी 'दरबंद'. त्यातला 'दर' आपल्या दरवाज्यातला.