शाट्सआल्पच्या गच्चीत बाबा

झुरिकला आल्यापासून अकरा वर्षांत आमच्या घरात एखाद्या चित्रपटावरून इतका वाद कधी झाला नव्हता. बाबा वाईहून दोन महिन्यांसाठी आले होते. त्यांना आल्प्समधलं दावोस दाखवायचं ठरलं आणि त्या निमित्ताने मी इटालियन दिग्दर्शक पाओलो सोरेंतिनोचा २०१५चा 'यूथ' लावला, कारण त्याचं बरंच चित्रण तिथल्या शाट्सआल्प हॉटेलात झालंय. पडद्यावर एकच हॉटेल दिसतं, पण ते दोन जागा मिळून केलेलं आहे: एक हे आणि दुसरं फ्लिम्स गावातलं वाल्डहाउस हॉटेल.

गोष्ट म्हणावी तर फार थोडी आहे. निवृत्त संगीतकार फ्रेड (मायकेल केन) आणि त्याचा चित्रपट-दिग्दर्शक मित्र मिक (हार्वे कायटेल) आल्प्समधल्या त्या आलिशान हॉटेलात सुट्टी घालवतायत. मालिश, गरम पाण्याचे हौद, डॉक्टरांच्या तपासण्या. इंग्लंडच्या राणीकडून निरोप येतो, की फ्रेडने स्वतःची जुनी गाणी एकदा तिच्यापुढे सादर करावीत. तो नाही म्हणतो. ती गाणी त्याने बायकोसाठी लिहिलेली असतात. एवढ्यावर दोन तास.

कान महोत्सवात हा दाखवला तेव्हा टाळ्याही पडल्या आणि हुर्योही झाली. त्याच वर्षी युरोपियन फिल्म पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक आणि अभिनेता हे तिन्ही मान यालाच मिळाले. आमच्या बैठकीच्या खोलीतही तसेच दोन तट पडले.

माझ्या नवऱ्याचं म्हणणं, प्रत्येक दृश्य एवढं देखणं की काही टोचतच नाही. शेजारच्या आजी मात्र खऱ्या चिडल्या. त्या ऐंशीच्या पुढच्या आहेत आणि चाळीस वर्षं नर्स होत्या. "असल्या हॉटेलात राहणं ज्यांना परवडतं, त्यांचं हे म्हातारपण," त्या म्हणाल्या. पुढचा प्रश्न त्याहून नेमका होता. म्हाताऱ्या बायका कुठे आहेत यात? दोन म्हातारे तलावात बसून विश्वसुंदरीकडे बघत राहतात. जेन फोंडा येते, दोन-तीन प्रसंगांत वादळासारखी बोलते आणि जाते. आणि फ्रेडची बायको व्हेनिसमध्ये खिडकीपाशी बसून आहे, एक शब्दही न बोलता. मी अशाच बायकांना आयुष्यभर भरवलंय, त्या म्हणाल्या, त्यांच्याकडे कॅमेरा कधी वळणार? माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

तरीही मी या चित्रपटाच्या बाजूची आहे. त्यातली सुभाषितं मला नको वाटतात. तरुणपण नि म्हातारपण यांवर पात्रं वाक्यं टाकू लागली की कळतं, लिहिणारा पंचेचाळिशीतला आहे. पण जिथे तो शरीराजवळ थांबतो, तिथे तो खरा वाटतो. हे दोघे मित्र रोज एकमेकांना आधी काय विचारतात, तर आज लघवी नीट झाली का. फ्रेडची मुलगी अंगभर चिखलाचा लेप लावून पडलेली असते आणि तशीच, हलता न येता, बापाला आयुष्यभराचा हिशोब ऐकवते, की तू कधी घरात होतासच कुठे. आणि तो कुरणातला प्रसंग: फ्रेड एका ओंडक्यावर बसतो, हात उचलतो आणि चरणाऱ्या गायींच्या घंटांचं संगीत बांधायला लागतो.

तिथे बाबा पुढे सरकून बसले. "बेंदराला आपल्याकडे घुंगरमाळा घालून बैल निघायचे, तेव्हा आजोबा डोळे मिटून कुठला बैल कुणाचा ते सांगायचे," म्हणाले. लघवीच्या प्रसंगाला आम्ही सगळे हसलो होतो. बाबा हसले नव्हते, हे मला नंतर आठवलं.

चित्रपटात फ्रेड एके ठिकाणी सांगतो, की चांगल्या मैत्रीत आपण एकमेकांना चांगल्याच गोष्टी सांगतो. बाबा तेव्हा काही बोलले नाहीत. चित्रपट संपल्यावर "लांबलाय" एवढंच म्हणून झोपायला गेले.

शनिवारी आम्ही दोघंच दावोसला गेलो. लांडक्वार्टला गाडी बदलली, दावोस प्लाट्सला उतरून दोरावर ओढल्या जाणाऱ्या छोट्या गाडीने वर गेलो. पाटबंधारे खात्यात हयात घालवलेल्या माणसाने आधी ती गाडी खेचणारी यंत्रणा नीट पाहिली, मग दरी. शाट्सआल्प १,८६१ मीटर उंचीवर आहे. १९०० साली ते क्षयरोग्यांसाठी सॅनेटोरियम म्हणून सुरू झालं. औषध नव्हतं, तेव्हा कोरडी हवा, ऊन आणि सज्जात तासन् तास पडून राहणं हाच उपचार. जर्मन लेखक टोमास मानच्या 'द मॅजिक माउंटन' या कादंबरीत याच शाट्सआल्पचा उल्लेख आहे: हिवाळ्यात इथले मृतदेह बर्फावरच्या घसरगाडीवरून खाली नेत. पुढे क्षयावर औषधं आली, रोगी कमी झाले आणि त्याचं हॉटेल झालं.

बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे पाचगणीच." त्यांची आत्या पाचगणीच्या सॅनेटोरियममध्ये वर्षभर होती. घरून पत्रं जायची, त्यात सगळं क्षेमकुशलच. तिचं तान्हं मूल गेलं, तेही तिला परत आल्यावर कळलं.

ऊन चांगलं होतं. आम्ही गच्चीत लाकडी खुर्च्यांवर बसलो होतो. बाबा दरीकडे बघत म्हणाले, "अगं, मागच्या वर्षी माझं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं."

दर रविवारी दुपारी आम्ही व्हिडिओ कॉल करतो. मी आठवायला लागले. गणपतीनंतर तीन आठवडे आईच बोलायची आणि बाबा गावाला गेलेत म्हणायची. ते साताऱ्याला इस्पितळात होते, नंतर घरी नळी लावलेली. रात्री आई दोनदा उठून पिशवी रिकामी करायची. "सांगितलं असतं तर तू तिकीट काढून आली असतीस," बाबा म्हणाले. त्यांनी ते अगदी साधेपणाने सांगितलं, जसं कालव्याला पाणी कधी सोडलं ते सांगावं.

मला राग आला, आणि रडूही. ते थांबले. मग म्हणाले, "आता तुझं सांग. तूही रविवारी छानच सांगतेस."

मी सांगितलं. २०२० साली आठ महिने माझी नोकरी नव्हती. तेव्हा कॅमेऱ्यासमोर बसताना मी ऑफिसचा सदरा घालायचे. त्या वर्षी डिसेंबरमध्ये दिवस राहिले होते, ते टिकले नाहीत, हेही सांगितलं. बाबांनी माझा हात धरला नाही, त्यांना तशी सवय नाही. त्यांनी स्वतःची शाल काढून माझ्या पायांवर टाकली.

खाली जायची चारची गाडी आमच्या डोळ्यांसमोर निघाली. बाबांनी घड्याळ पाहिलं, "पुढची केव्हा?" विचारलं आणि अजून एक कॉफी मागवायला सांगितली, साखर जास्त.