डाव्या हातातले शिंपले

२०१६च्या मे महिन्यात पॅसिफिक कला महोत्सवाच्या ध्वनिमुद्रणासाठी मी ग्वामला, पश्चिम पॅसिफिकमधल्या अमेरिकेच्या ताब्यातल्या बेटावर, होतो. उद्घाटनाला दोन दिवस उरले होते आणि राजधानी हागात्न्यात एका चामोरू, म्हणजे बेटाच्या मूळ रहिवाशांच्या, नाचगटाची तालीम चालू होती. ('चामोरू'तला 'च' 'चाक'मधला, 'चहा'मधला नव्हे. तो मला पहिल्याच दिवशी नीट म्हणता आला, याचा गटातल्या बायकांना फार आनंद झाला.)

बाराजणी गोल करून उभ्या होत्या. पाय जागचे हलत नव्हते, फक्त हात आणि गळा. गाणं तीन सुरांत, एकावर एक. पण खालून सारखी एक खरखर येत होती. पोशाखातले शिंपले माइकला घासत असणार, असं धरून मी माइक वर सरकवले, मिक्सरवर तेवढा भाग कापला. तरी खरखर येतच राहिली. तिसऱ्यांदा तालीम थांबवली तेव्हा शिकवणाऱ्या बाई जवळ आल्या. त्यांना सगळ्या 'साइना' म्हणत, म्हणजे वडीलधाऱ्या.

"तो आवाज काढू नकोस," त्या म्हणाल्या. "नाचातलं जे हाती लागलं, त्यात तो आहे."

मग त्यांनी सांगितलं. १६६८ साली जेझुइट मिशनरी आले. पाठोपाठ लढाया, देवीची साथ. १७१०च्या सुमारास चामोरू माणसं चार हजारांच्या आत उरली. पुढे अमेरिकन नौदलाच्या अमलात शाळेत चामोरू बोलायलाही बंदी. त्यांच्या आजीच्या पिढीसाठी 'आपला नाच' म्हणजे बात्सु आणि सोतिस, युरोपातून आलेले जोडीचे नाच. जुन्या नाचाचा माग मिळाला तो १६८३ सालच्या एका स्पॅनिश ग्रंथात. लिहिणारे फादर गार्सिया या बेटांवर कधी आलेही नव्हते. मिशनऱ्यांच्या पत्रांवरून लिहिलं. मोजक्या ओळी: बारा-तेरा बायका गोलात, न हलता, पूर्वजांच्या कथा तीन सुरांत गातात, उजव्या हाताने अर्धचंद्र काढतात, डाव्या हातात शिंपल्यांच्या लहान पेट्या वाजवतात.

१९८०च्या दशकात चामोरू नृत्यशिक्षक फ्रँक राबोन यांनी अशाच तुटक नोंदी आणि इतर पॅसिफिक बेटांवरचे नाच समोर ठेवून नाच पुन्हा बांधायला घेतला. हा नवा नाच, खरा नव्हे, असं म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. मला ते पटत नाही. ज्यांचं सगळं मोडून टाकलं, त्यांच्याकडेच अखंड परंपरेचा पुरावा मागायचा, हा अन्याय आहे.

मी कापलेला भाग परत आणला. एक जादा माइक खाली, कमरेच्या उंचीवर, डाव्या हातांसाठी लावला. पुन्हा गाणं झालं. साइनांनी हेडफोन कानाला लावून डोळे मिटले आणि शेवटपर्यंत ऐकलं.

"दोघींचा डावा हात मागे पडतोय," त्या गोलाकडे वळून म्हणाल्या. "पुन्हा घ्या."

रात्री साडेदहापर्यंत आम्ही पुन्हा घेत होतो.