आमची वाटचाल : दूध संस्थेचा हिशेब आणि डेटाबेसची निवड

कोल्हापूर जिल्ह्यातल्या गावोगावच्या दूध संस्थांना संकलन आणि बिलाचं सॉफ्टवेअर करून देणं, हा आमच्या छोट्या फर्मचा धंदा. गोकुळ दूध संघ १९६३ चा. संघाच्या वाढीबरोबर इथे गाव तिथे दूध संस्था झाली, मोठ्या गावात दोन-तीनही झाल्या. सकाळ-संध्याकाळ दूध येतं, लिटर मोजतात, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) काढतात, दरपत्रकाप्रमाणे भाव लागतो आणि दर दहा दिवसांनी बिल निघतं. बिलातून पशुखाद्याची आणि उचलीच्या हप्त्याची कपात होऊन राहिलेली रक्कम खात्यावर जमा होते. किराणा, शाळेची फी, दवाखाना हे सगळं या बिलाच्या भरवशावर असतं. त्यामुळे दोन रुपयांचा फरक आला तरी माणूस संस्थेत येऊन विचारतो, आणि तो विचारतो हेच योग्य आहे.

आमची पहिली प्रणाली व्हिज्युअल फॉक्सप्रोमध्ये होती. त्या भाषेनं आम्हाला धंद्यात उभं केलं. पण तिथे एका टेबलला दोन जीबीची मर्यादा होती, मायक्रोसॉफ्टचा आधारही जानेवारी २०१५ मध्ये संपत होता, आणि सचिव मंडळी आता मोबाईलवर बिल मागू लागली होती. नवीन बांधणी करायचीच होती. प्रश्न एवढाच होता, की डेटा ठेवायचा कशात?

त्या काळात नोएसक्यूएलची, म्हणजे ठरावीक टेबलांशिवाय डेटा ठेवणाऱ्या डेटाबेसची, हवा जोरात होती. त्यातलंच मोंगोडीबी २००९ मध्ये आलं होतं आणि कॉलेजातून नव्यानं आलेली आमची मुलं त्यावर खूश होती. टेबलं आधी आखायला नकोत, जसा डेटा येईल तसा ठेवा, हे ऐकायलाही छान वाटायचं. मी मात्र आधी असे डेटाबेस मुळात का निघाले ते वाचून काढलं. गूगलचा बिगटेबलवरचा निबंध २००६ चा, अॅमेझॉनचा डायनॅमोवरचा २००७ चा. दोघांपुढे अडचण एकच होती : डेटा एका यंत्रात मावत नाही, शेकडो यंत्रांवर पसरावा लागतो, आणि त्यातली काही यंत्रं सतत बंद पडत असतात. आमच्याकडे तसं काय होतं? पाचशे उत्पादकांची संस्था धरली, दिवसाच्या दोन पाळ्या धरल्या, तर वर्षाच्या नोंदी ३ लाख ६५ हजार. अशा शंभर संस्था एका सर्व्हरवर आणल्या तरी वर्षाला साडेतीन-पावणेचार कोटी. पोस्टग्रेससारख्या रिलेशनल, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या टेबलांत डेटा ठेवणाऱ्या, डेटाबेसला हे ओझं वाटत नाही. म्हणजे आकारमानाचा मुद्दा आमच्यापुरता निकालात निघाला. राहिला तो हिशेबाच्या स्वभावाचा.

एका संस्थेचा जुना डेटा घेऊन आम्ही मोंगोडीबी आणि पोस्टग्रेस, दोन्हीकडे बिल काढून पाहिलं. दहा दिवसांचं बिल पक्कं करताना एकाच वेळी चार जागी लिहावं लागतं : दुधाची रक्कम जमा, पशुखाद्याची बाकी कमी, उचलीचा हप्ता वळता, बँक यादीत नाव. मधेच वीज गेली आणि हप्ता कापला गेला, पण उचलीची बाकी तशीच राहिली, तर तो हप्ता पुढच्या बिलात पुन्हा कापला जाणार. चारही नोंदी एकत्र व्हाव्यात, नाहीतर एकही होऊ नये, ही हमी रिलेशनल डेटाबेसमध्ये ट्रॅन्झॅक्शन म्हणून पहिल्यापासून आहे. आम्ही निवड करत होतो तेव्हा मोंगोडीबीत अशी हमी एका डॉक्युमेंटपुरतीच (एका गोष्टीची सगळी माहिती एकत्र ठेवलेल्या नोंदीपुरतीच) मिळायची. अनेक डॉक्युमेंटांसाठी ती २०१८ मध्ये, ४.० आवृत्तीत आली. आज तो मुद्दा तितका धारदार राहिलेला नाही, हेही सांगायला हवं.

पण दुसरा मुद्दा अजून तसाच आहे. संस्थेचं लेखापरीक्षण दरवर्षी होतं आणि लेखापरीक्षक काय विचारतील याचा नेम नसतो. ‘उचल बाकी आहे, पण गेल्या महिन्यात एक लिटरही दूध घातलेलं नाही, असे सभासद काढा.’ ‘म्हशीच्या दुधाचं फॅट सहाच्या खाली आणि तरी पूर्ण दर, अशा नोंदी दाखवा.’ प्रणाली बांधताना हे प्रश्न कुणाच्या डोक्यातही नसतात. डॉक्युमेंटची रचना ठरवताना डेटा कसा वाचला जाणार हे आधी माहीत असावं लागतं, आणि माहीत असेल तर ती फार चांगली चालते. एडगर कॉड यांनी आयबीएममध्ये असताना १९७० मध्ये मांडलेलं रिलेशनल मॉडेल नेमकं उलटं सांगतं : प्रत्येक गोष्ट एकाच जागी नीट ठेवा, प्रश्न मागाहून कोणताही विचारा. उत्पादक, संकलन, उचल ही टेबलं कोड नंबरनं जोडली, की वरचा पहिला प्रश्न चार-पाच ओळींत सुटतो. शिवाय उचल बाकी असलेला उत्पादक कुणी यादीतून काढायला गेला, तर फॉरिन कीमुळे, म्हणजे टेबलांमधली जोड तुटू न देणाऱ्या नियमामुळे, डेटाबेसच नकार देतो. ही राखण प्रोग्रामरच्या आठवणीवर सोडू नये, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून आम्ही पोस्टग्रेस घेतलं. पैसे आणि फॅट दशांश अचूक ठेवणाऱ्या न्यूमेरिक प्रकारात, आणि दरपत्रकाला ‘या तारखेपासून’ हा कॉलम. संघानं मागच्या तारखेपासून दर बदलला, तर फरक त्या तारखेपासून आपोआप निघतो.

इथेच सगळं टेबलांत बसलं असतं, तर हा लेख लिहायचं कारण नव्हतं. एका संस्थेत खातेदार वारले आणि खातं पत्नीच्या नावे झालं. टेबलात नाव एकाच जागी, ते बदललं. पुढे सचिवांनी जुनं बिल पुन्हा छापायला घेतलं आणि त्यावर पत्नीचं नाव येणार हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं. त्यांचं म्हणणं बरोबर होतं : खातं चालू असतं, बिल मात्र त्या दिवशीचं असतं. त्यावरचं नाव, दर, कपाती, बँकेचा खाते क्रमांक हे सगळं बिल झालं त्या क्षणी गोठलं पाहिजे. अशा गोष्टीला डॉक्युमेंटची रचना अगदी चपखल बसते. पोस्टग्रेसमध्ये २०१४ च्या ९.४ आवृत्तीपासून जेसनबी हा प्रकार आहे, त्यात अख्खं डॉक्युमेंट एका कॉलमात ठेवता येतं. पक्कं झालेलं प्रत्येक बिल आम्ही त्यात अख्खं ठेवतो आणि त्यानंतर त्याला कुणी हात लावू शकत नाही.

दुसरी तशी जागा म्हणजे फॅट काढणारी यंत्रं. एक यंत्र फक्त फॅट आणि एसएनएफ पाठवतं, दुसरं घनता, पाण्याचं प्रमाण आणि तापमानही देतं, तिसरं प्रथिनंसुद्धा. प्रत्येकासाठी कॉलम वाढवत बसलो तर निम्मे रिकामेच राहतील. बिलाला लागणारे दोन आकडे आम्ही कॉलमात घेतो आणि यंत्राकडून आलेला पूर्ण मजकूर शेजारी जेसनबीत ठेवतो. ‘माझ्या गाईचं फॅट काल कमी कसं लागलं?’ असं कुणी विचारलं, की सचिव त्या पाळीची नोंद उघडून यंत्रानं काय पाठवलं ते जसंच्या तसं दाखवतात. दूध घालणाऱ्याला हे दिसणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

छोट्या फर्मवाल्यांना माझं सांगणं असं की, दोन डेटाबेस सांभाळायचे म्हणजे दोन बॅकअप, दोन प्रकारची दुरुस्ती, आणि दोन्ही जाणणारी माणसं. एकात काम भागत असेल तर एकातच भागवा.

सध्या आमचं काम चाललं आहे ते बल्क कूलरवर, म्हणजे जमा झालेलं दूध थंड ठेवणाऱ्या मोठ्या टाकीवर. दूध चार अंशांपर्यंत थंड झालं का, वीज गेल्यावर किती वेळात किती तापलं, हे पाहण्यासाठी सेन्सर दर मिनिटाला आकडा पाठवतो. एका कूलरच्या दिवसाला १,४४० नोंदी, म्हणजे पाचशे उत्पादकांच्या एका दिवसाच्या संकलन नोंदींपेक्षाही जास्त. या नोंदी एकदा लिहिल्या की बदलत नाहीत, आणि जुन्या महिन्यांची तर फक्त सरासरी लागते. तूर्त महिन्यागणिक टेबलाचा वेगळा भाग (पार्टिशन) करून त्या पोस्टग्रेसमध्येच ठेवल्या आहेत. शेजारी टाइम सिरीजचा, म्हणजे वेळेनुसार येत राहणाऱ्या आकड्यांसाठीचा, वेगळा डेटाबेसही चाचणीला लावला आहे. उन्हाळ्यात विजेचा खेळखंडोबा सुरू झाला की दोन्हींची खरी परीक्षा होईल, निवड त्यानंतर.